मान कुणी धरली?

माझं बोलणं कुणाला कळलं नाही, असं आजवर झालेलं नाही. चौतीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. म्हणजे लोकांनी लिहिलेलं चुकीचं मराठी बरोबर करून देण्याचा मला पगार मिळत होता. भल्याभल्या लेखकांना फोन करून मी विचारलं आहे, "तुम्हाला नक्की काय म्हणायचं आहे?" आणि बहुतेकांना ते माहीत नसायचं. तेव्हा एका साध्या दुखण्याबद्दल चार वाक्यं बोलून मी स्वतःच्या बायकोला पोलिसांच्या बाकावर बसवीन, असं कुणी मला लिहून दिलं असतं, तर त्या वाक्यावर मी सरळ फुली मारली असती.

पण झालं तसंच. आणि त्यात माझी काडीचीही चूक नव्हती, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

आठ दिवसांपूर्वी आमच्या मुलीला मुलगा झाला. ही, म्हणजे माझी बायको, पंधरा दिवसांसाठी तिच्याकडे जायला निघाली होती. दुपारी दोनची बस. तिकीट काढलेलं, बॅग भरलेली, फ्रीजवर मला सूचनांचा कागद चिकटवलेला. आणि नेमका आज सकाळी मी उठलो तर माझी मान धरलेली. डावीकडे वळली होती ती सरळ व्हायला तयार नाही.

"झालं का सुरू?" ही म्हणाली.

"काय सुरू?"

"मी कुठे निघाले की तुमचं काहीतरी निघतं. भावाच्या लग्नाला निघाले तेव्हा दाढ. बहिणीकडे निघाले तेव्हा पोट. आता मान."

"दाढ खरी दुखत होती. काढावी लागली ती."

"काढायला लावलीत तुम्ही. डॉक्टर नको म्हणत होते."

माणूस आजारी पडला तर तो वेळ बघून पडत नाही. मी तसं बोलून दाखवलं. ती बामची बाटली घेऊन आली आणि माझी मान अशी रगडली की डोळ्यांतून पाणी आलं. मान तसूभर हलली नाही. "नाटकं," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

आता मात्र माझं टाळकं सरकलं. मी म्हणालो, "बस स्टँडच्या शेजारीच मोठं हॉस्पिटल आहे. आत्ता जाऊ. मान खरोखर धरली आहे असं डॉक्टरांच्या सहीने लिहून घेतो. तो कागद तू वाच आणि मग खुशाल जा."

"कागद वाचून काय होणार?"

"माझी बाजू खरी होईल."

दहा वाजता आम्ही हॉस्पिटलात पोचलो. ही बॅग घेऊन बाहेरच्या बाकावर बसली आणि मी रांगेत उभा राहिलो. ते हॉस्पिटल शिकवायचं आहे, म्हणजे तिथे डॉक्टर व्हायला आलेली मुलं पेशंटवर हात बसवतात, हे मला ठाऊक होतं. पण मी म्हटलं, मान बघायला काय मोठा तज्ज्ञ लागतो? वाकडी आहे ते लांबूनही दिसतं.

तासाभराने चौदा नंबरच्या खोलीत बोलावलं. आत पांढऱ्या कोटातली एक मुलगी बसली होती. कोटाच्या एका खिशात रबरी हातोडी, एकात टॉर्च आणि वरच्या खिशात एक छोटं पुस्तक. पुस्तकाची पानं बोटं लावून लावून मळलेली. मुलगी लांबून शिकायला आली होती, घरी वेगळीच भाषा, आणि मराठी तिने सहा महिन्यांत त्या पुस्तकातून उभं केलं होतं. शुद्ध बोलत होती, पण प्रत्येक शब्द पुसून ठेवल्यासारखा.

"नमस्कार आजोबा," ती म्हणाली. "मी शिकणारी डॉक्टर आहे. मी तुमचा इतिहास घेणार आहे."

"काका म्हण. आजोबा होऊन मला आठच दिवस झालेत."

तिने पुस्तक उघडून बघितलं. "इथे साठ वर्षांच्या पुढे आजोबा आहे," ती म्हणाली, आणि आजोबाच म्हणत राहिली.

मग तिने वही काढली. पानाच्या मधोमध पट्टीने रेघ मारलेली, दोन रकाने. तिने मला नीट समजावून सांगितलं, की त्यांना शिकवणाऱ्या बाईंचा एक नियम आहे. डाव्या रकान्यात पेशंटचे शब्द लिहायचे, जसेच्या तसे, आपल्या मनाचं काही घालायचं नाही. उजव्या रकान्यात त्यांचा अर्थ, डॉक्टरी भाषेत. आज बाई वही बघणार. वही बरोबर असली तर सही, नाहीतर याच विभागात पुन्हा सहा आठवडे.

जसेच्या तसे! माझं तर काळीज सुपाएवढं झालं. चौतीस वर्षं मी हेच ओरडत होतो. मी खुर्ची पुढे ओढली आणि स्वल्पविरामासकट सांगायला सुरुवात केली.

"तुम्हाला काय त्रास होतो?"

"मान धरली आहे."

"कुणी?"

मला वाटलं, पोरगी थट्टा करते आहे. "कुणी म्हणजे? आपली धरली."

"आपली," तिने लिहिलं. "घरच्या माणसाने. कधी?"

हे 'घरच्या माणसाने' ती पुटपुटली ते मी ऐकलं, नाही असं नाही. पण ती मला घरी कोण असतं ते विचारते आहे असं मला वाटलं. म्हणून मी म्हणालो, "घरी आम्ही दोघंच. सकाळी ही चहा घेऊन आली, आणि बघतो तर मान धरलेली. आज दोनच्या बसने ही पंधरा दिवस मुलीकडे चालली आहे."

"अजून काय?"

"अंग मोडून आलंय. डोकं फुटतंय. तुमच्या रांगेत उभं राहून पायांचे तुकडे पडलेत."

तिने पेन थांबवून माझ्या पायांकडे बघितलं. "तुकडे?"

"तुकडे."

तिने लिहिलं. "आणि पोट?"

"पोटात खड्डा पडलाय. सकाळपासून एक चहा, बस. आणि आता पंधरा दिवस ही नाही, म्हणजे आनंदच आहे."

"तुम्हाला आनंद आहे?"

"अगं, आनंद कसला!"

यावर ती गोंधळली, पण तिने दोन्ही वाक्यं लिहिली. मग विचारलं, "घरी काही त्रास देतं का कुणी?"

"त्रास म्हणजे, डोकं खाते दिवसभर. पण खाणारं माणूसच पंधरा दिवस नसलं, की..." इथे मी वाक्य पुरं केलं नाही. तिने तिथे तीन टिंबं दिली. बरोबर तीन. मी डोकावून बघितलं.

मग तिने मला तपासलं. हात गार होते, लावण्याआधी तिने एकमेकांवर घासून गरम केले. गुडघ्यावर हातोडी मारली, डोळ्यांत टॉर्च धरला, प्रत्येक वेळी आधी "माफ करा" म्हणाली. खरं सांगतो, मला ती आवडली. माझं इतकं कान देऊन कुणी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. छापखान्यात तर नाहीच.

शेवटी तिने माझी कॉलर खाली केली आणि टॉर्च पुन्हा लावला. बामाने रगडलेली ती मान. आरशात मीही सकाळी पाहिली होती. पाच बोटं लालभडक उठली होती.

"हे कुणी केलं?"

"हिचीच बोटं. फार जड हात आहे तिचा."

मुलीने वही मिटली. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "आजोबा, तुम्ही आता सुरक्षित आहात." आणि पळतच बाहेर गेली.

मला वाटलं, असेल पद्धत.

बाहेर काय झालं ते मला नंतर कळलं. तिने वही नेली वॉर्डातल्या निवासी डॉक्टरकडे. त्याला डावा रकाना वाचायला सवड नव्हती. त्याने उजवा वाचला. उजव्यात तिने, पुस्तकात बघून एकेक शब्द लावत, असं लिहिलं होतं: घरातल्या व्यक्तीने मान आवळली. डोक्याला फूट. अंगात अनेक ठिकाणी मोड. दोन्ही पायांचे तुकडे. पोटात खोल खळगा. तीच व्यक्ती डोके चावते. मानेवर बोटांचे ठसे, स्वतः पाहिले.

"मग हा माणूस जिवंत कसा?" निवासी डॉक्टरने विचारलं म्हणे.

"चालत आला," ती म्हणाली. "आणि खूप बोलतो."

मारहाणीची केस आली की हॉस्पिटलातल्या पोलीस चौकीला कळवावंच लागतं, तसा नियम आहे. त्याने कळवलं. आणि पाच मिनिटांत दोन माणसं आली, माझ्या गळ्यात जाड पट्टा बांधला आणि मला चाकांच्या खुर्चीत बसवलं. मी म्हणालो, अहो, मला चालता येतं. ते म्हणाले, पायांचे तुकडे आहेत. मी म्हणालो, ते मीच म्हणालो होतो. ते म्हणाले, मग? डोक्यापासून घोट्यापर्यंत माझे एक्स-रेचे अकरा फोटो काढले. एका मानेसाठी अकरा फोटो! साठीचे पाय बघून फोटोवालाही म्हणाला, "सगळं जोडलेलंच दिसतंय," आणि जरा नाराज झाल्यासारखा वाटला.

खुर्ची तिथून थेट चौकीच्या दारात आणली. आत टेबलामागे हवालदार, भिंतीला बाक, आणि बाकावर ही. मांडीवर बॅग, बॅगेवर दोन्ही हात.

"अगं, तू इथे काय करतेस?"

"तेच विचारते आहे मघापासून," ही म्हणाली.

दुसरी बाजूही ऐकून घ्यावी, असाही बाईंचा एक नियम होता. त्याप्रमाणे त्या मुलीने हिलाही गाठून चार प्रश्न विचारले होते, आणि तो कागद आता हवालदारासमोर होता. त्याने मला वाचून दाखवला.

"तुम्ही त्यांच्या मानेला हात लावला का? उत्तर, हो, सकाळीच, चांगला दाबून, ओरडत होते पण मी सोडलं नाही. यापूर्वी असं केलं आहे का? उत्तर, थंडीत तर रोज. का करता? उत्तर, धारेवर धरल्याशिवाय ते सरळ होत नाहीत." हवालदाराने मान वर केली. "इथे पुढे लिहिलंय, सुरी, आणि प्रश्नचिन्ह."

"हवालदारसाहेब, तुम्ही तरी मराठी आहात ना? मान धरणं म्हणजे काय, तुम्हाला माहीत नाही?"

"मला माहीत आहे. माझीही धरते. पण माझ्या मानेवर बोटं उठत नाहीत."

"तिने बाम चोळला."

"असंच म्हणतात सगळे," तो म्हणाला. "कुणी जिन्यावरून पडलेला असतो, कुणी दारावर आपटलेला. काका, लाजू नका. तुमच्यासारखे बरेच येतात. गेल्याच आठवड्यात तुमच्यापेक्षा उंच माणूस आला होता."

संताप संताप म्हणतात तो काय, ते मला तिथे कळलं. मी खुर्चीतून उठायला लागलो, तर मागच्या माणसाने खांदे दाबून मला खाली बसवलं. तुकड्यांची काळजी!

"आता पुढे काय?" हिने विचारलं.

"आता मोठ्या बाई येतील, त्या पेशंट बघतील, सांगतील त्याप्रमाणे जबाब. तोवर तुम्हाला इथून हलता येणार नाही. आज गाव सोडायचं तर नावच काढू नका."

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजायला दहा मिनिटं होती. हिने घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. चिडलेली असती तर मला चाललं असतं. चिडलेली नव्हती.

"झालं तुमच्या मनासारखं?" ती म्हणाली.

मानेपेक्षा ते मला जास्त लागलं. आमची मुलगी तिकडे वाट बघत होती. आठ दिवसांचं पोर ही अजून फोनवरच बघत होती, फोन डोळ्यांजवळ नेऊन. ही बस चुकली तर पुढची उद्या, आणि उद्या हवालदार सोडेल याची खात्री नाही. आणि हिला वाटत होतं, हे सगळं मी घडवून आणलं. मी! मी फक्त चार शुद्ध वाक्यं बोललो होतो.

मी हवालदाराकडे वळलो. म्हणजे खुर्ची वळवायला लावली. "हे बघा, हिच्या केसालाही धक्का लागला तर..."

"धमकी देताय?"

"धमकी नाही हो. आता अगदी गळ्याशी आलंय हे."

"गळाही?" त्याने पेन उचललं.

मी तोंड मिटलं. ठरवलं, की हातापायांचा, मानेचा, पोटाचा उल्लेख न करता, साधं, सरळ, एक तरी वाक्य बोलायचं. मनातल्या मनात जुळवू लागलो. पोटतिडकीने, नाही. जीव तोडून, नाही. काळजाला घर, छे. एवढ्या वर्षांच्या भाषेत मला एक वाक्य सापडेना.

सव्वाला बाई आल्या. छोट्याशा होत्या, चष्मा कपाळावर सरकवलेला, आणि त्यांच्यामागे ती मुलगी, वही छातीशी धरून. रडून आली होती की आता रडणार होती, ते कळत नव्हतं. बाईंनी माझ्या गळ्यातला पट्टा सोडला, दोन बोटांनी मानेवर तीन ठिकाणी दाबलं, मी दोन ठिकाणी ओरडलो. मग त्यांनी अकरा फोटो एकदम उजेडाला धरले आणि खाली ठेवले.

"डावा रकाना वाच," त्या मुलीला म्हणाल्या. "मोठ्याने."

मुलीने वाचलं. मान धरली आहे. अंग मोडून आलंय. डोकं फुटतंय. पायांचे तुकडे पडलेत. पोटात खड्डा पडलाय. बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. हवालदाराने पेनाला टोपण लावलं. हिने तर बॅगेवर डोकं टेकलं आणि तिचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडते आहे. रडत नव्हती.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "यांना भूक लागली आहे, उभं राहून पाय दुखतायत आणि मान आखडली आहे. डावा रकाना उत्तम आहे. उजव्यातला शब्द अडला, तर पुस्तकाला नाही विचारायचं, पेशंटला विचारायचं, 'म्हणजे काय?' कळलं? आता पुढे. दुखणं कधी सुरू झालं?"

"काल संध्याकाळी साडेसातला," मुलगी म्हणाली.

मी चमकलो. मी सकाळी म्हणालो होतो.

"रुग्ण आधी सकाळी म्हणाला. गुडघा तपासताना म्हणाला, काल संध्याकाळी साडेसातला बायकोने कपाटावरून बॅग काढली, तेव्हाच मान जड झाली होती."

"तेव्हा रुग्ण काय करत होता?"

"खुर्चीत बसला होता. बायको बॅग भरत होती. तीन तास. बॅग डावीकडे होती."

"मी पेपर वाचत होतो," मी म्हणालो. गप्प बसवलंच नाही.

"रुग्ण म्हणतो, तो पेपर वाचत होता," मुलीने वहीत बोट ठेवून वाचलं. "पेपर उजवीकडे टेबलावर होता."

खांदे दाबणारा माणूससुद्धा खाली वाकून माझ्या मानेचा कोन बघायला लागला.

"अजून काही?" बाईंनी विचारलं.

"शेवटचं एक आहे." मुलीने पान उलटलं. "बायको पंधरा दिवसांसाठी जात आहे, हे रुग्णाने चार वेळा सांगितले. विचारले नव्हते."

असं एखाद्याचं उघड्यावर वाचून दाखवतात का? पेशंटची काही गुप्तता असते की नाही? हे मी त्यांना सुनावणार होतो. पण हिने बॅगेवरून डोकं उचललं होतं आणि माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती आता. मी हिच्याकडे बघू नये म्हणून मान फिरवायला गेलो आणि कळवळलो, कारण ती फिरत नव्हती. हिच्याकडेच होती.

बाईंनी मुलीच्या वहीत सही केली. मला कागद दिला: स्नायू आखडले आहेत, गरम पाण्याने शेकावे, एकाच दिशेला फार वेळ पाहत बसू नये. मग हवालदाराने कागदाच्या तळाशी काहीतरी खरडून केस बंद केली आणि हिला म्हणाला, "ताई, बामाचं नाव काय म्हणालात?"

दोनला आठ मिनिटं असताना आम्ही स्टँडवर होतो. बॅग मी उचलली. ही नको म्हणत होती, पण मी उचललीच. खिडकीजवळची जागा होती तिची. मी खाली उभा राहिलो, खिडकीच्या उजव्या अंगाला, म्हणजे मला ती दिसेल असा. कंडक्टरने दार लावलं. हॉस्पिटलचा कागद माझ्या खिशातच होता. तिने तो मागितला नाही आणि मीही दाखवला नाही.

मी बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. त्या डॉक्टरांबद्दल, त्या हवालदाराबद्दल, हल्लीच्या शिक्षणाबद्दल. ते राहिलं. मी म्हणालो, "तू जाऊ नयेस असं वाटतं. पण जा. बाळाला बघ."

एवढंच. कुठे हात नाही, पाय नाही, काळीज नाही. स्वल्पविरामही नाही.

ही खिडकीतून बघत राहिली. बसचं इंजिन सुरू झालं.

"हे काल संध्याकाळी बोलला असतात," ती म्हणाली, "तर तुमचंही तिकीट काढलं असतं."

बस हलली. मी ओरडून विचारलं, उद्याच्या बसला जागा असेल का. तिने काहीतरी उत्तर दिलं, पण इंजिनाच्या आवाजात मला ते कळलं नाही. आता मी तिकिटाच्या खिडकीपुढे रांगेत उभा आहे, आणि माझ्यापुढे एकवीस माणसं आहेत.